त्रेसष्ट वेळा ‘हो’

एका रविवारी दुपारी, कपातला चहा निवायच्या आत, मी त्रेसष्ट माणसं नाहीशी केली. करताना मला स्वतःबद्दल फार चांगलं वाटत होतं, हे विशेष.

त्याचं असं झालं. माझे भाऊजी, म्हणजे थोरल्या ताईचे यजमान, शर्यतींच्या निकालांची एक वेबसाइट चालवतात. गावोगावी धावण्याच्या ज्या शर्यती होतात त्यांचे निकाल आयोजक आपापल्या मर्जीप्रमाणे लावतात. कुणी फाटकावर चिकटवतो, कुणी फळ्यावर लिहितो, कुणी फोटो काढून दहाजणांना पाठवतो आणि सुटतो. भाऊजी ते सगळे गोळा करतात, एका साच्यात बसवतात आणि पुन्हा छापतात. त्यांच्याकडून पुढे वर्तमानपत्रं उचलतात, क्लबवाले उचलतात, मोठ्या शर्यतींचे आयोजक उचलतात. अमुक बाई गेल्या पाच वर्षांत किती मिनिटांनी सुधारली, हे कुणालाही हवं असेल तर सगळे रस्ते शेवटी भाऊजींच्या जेवणाच्या टेबलाशी येतात. कारण वेबसाइटचं कार्यालय तेच आहे. टेबलावर एक जुना कंप्युटर, त्याला टेकून मिठाची बरणी. जेवायच्या वेळी कंप्युटर खुर्चीवर बसतो आणि भाऊजी स्टुलावर.

त्या रविवारी तीन शर्यती होत्या. एकोणीसशे ओळी. भाऊजी पहाटे पाचला बसले होते ते दुपारी दोनला उठले आणि “जरा पाठ टेकतो” म्हणून आतल्या खोलीत गेले. ताईने माझ्यापुढे चहा ठेवला आणि ती कपडे वाळत घालायला गच्चीवर गेली. मी, चहा आणि कंप्युटर असे तिघेच उरलो.

पडद्यावर एक प्रश्न उभा होता : ‘हे दोघे एकच आहेत का?’ खाली एकाच नावाच्या दोन माणसांची माहिती शेजारीशेजारी, आणि तीन बटणं. हो. नाही. माहीत नाही.

ही भाऊजींची नवी सुधारणा. आजवर त्यांच्याकडे नुसते निकाल होते, सुटे सुटे. आता प्रत्येक धावणाऱ्याचं एकेक पान करायचं, त्याच्या सगळ्या शर्यती एकाखाली एक दिसाव्यात, असं त्यांच्या मनात होतं. पण त्यासाठी, इथे धावलेला आणि तिथे धावलेला माणूस एकच, हे आधी ठरायला हवं. कंप्युटर सारख्या नावांच्या जोड्या शोधून रांगेत उभ्या करायचा आणि भाऊजी एकेकीचा निकाल लावायचे. आठशेच्या वर जोड्या तुंबल्या होत्या, कारण भाऊजी बहुतेक वेळा ‘माहीत नाही’ दाबत आणि ती जोडी गुमान रांगेच्या शेवटी जाऊन उभी राही.

आता, ‘माहीत नाही’ म्हणणं मला लहानपणापासून जड जातं. शाळेतही मी कधी म्हणालो नाही. मार्क त्यामुळेच गेले, पण स्वभाव राहिला. मी पहिली जोडी पाहिली. नाव तेच, आडनाव तेच. मी ‘हो’ दाबलं. जोडी मिटली आणि वरचा आकडा एकाने कमी झाला. फार बरं वाटलं. पुढे तर हात चालतच गेला. एका जोडीत एकाचं वय अकरा होतं आणि दुसऱ्याचं चौसष्ट. एका हिवाळ्यात माणूस इतका म्हातारा होत नाही, म्हणजे टायपिंगची चूक असणार, असं म्हणून मी ती भाऊजींच्या वतीने उदार मनाने पोटात घातली.

भाऊजी उठून आले, चष्मा लावला आणि पडद्याकडे बघत उभे राहिले.

“रांग कमी कशी झाली?”

“मी केली,” मी म्हणालो. आवाजात थोडा विनय ठेवला होता.

“किती?”

“त्रेसष्ट. मोजून.”

“कोणकोणत्या?”

“ज्या सारख्या दिसल्या त्या.”

भाऊजी माझ्या शेजारी बसले. माझा अर्धा राहिलेला गार चहा त्यांनी उचलला आणि पिऊन टाकला. मग म्हणाले, “हे उलटं करायचं बटण अजून केलेलं नाही मी.”

एवढंच. भाऊजी चिडत नाहीत. चिडायला अंगात थोडी शिल्लक लागते, आणि त्यांची दिवसभरात संपलेली असते.

ते पाणीपुरवठ्यात मीटर रीडर आहेत. एकोणतीस वर्षं रोज शंभर-सव्वाशे घरं. प्रत्येक घरी वाकायचं, खड्ड्यावरचं झाकण उचलायचं, बॅटरी मारायची, काचेवरचा चिखल पुसायचा, आकडा वाचायचा, लिहायचा. कुत्री त्यांना ओळखतात, माणसं ओळखत नाहीत. चार पावलं चालले की गुडघे असे वाजतात की ताई स्वयंपाकघरातून सांगते, “आले.” ते स्वतः आयुष्यात कधी धावलेले नाहीत. बस सुटत असली तर सुटू देतात.

धावायची ती आमची ताई. लग्नानंतर दोन-तीन वर्षं तिला हा नाद होता. बावीस वर्षांपूर्वी अशाच एका शर्यतीत ती एकेचाळिसावी आली. निकालाचा कागद मैदानाच्या फाटकावर टोचला होता. ताई मैत्रिणींबरोबर गप्पा मारायला गेली, भाऊजींना काही काम नव्हतं, वारा सुटला होता आणि कागदाचा एक कोपरा फडफडत होता. लिहिलेला आकडा उडून जाणार हे त्यांना बघवेना. त्यांनी खिशातली मीटरची वही काढली आणि दोनशे चौदा नावं, वेळेसकट, उतरवून घेतली. पुढच्या आठवड्यात कुणीतरी विचारत आलं, “माझा कितवा होता हो?” आणि भाऊजींनी वही उघडली. तिथून जे सुरू झालं ते थांबलं नाही. वहीच्या वह्या झाल्या, वह्यांची वेबसाइट झाली. ताईने धावणं सोडून वीस वर्षं होत आली, पण त्यांनी लिहिणं सोडलं नाही.

कंप्युटरचं सगळं ते दोन बोटांनी शिकले, एका जाड पुस्तकातून. ते पुस्तक आता टेबलाच्या आखूड पायाखाली आहे. “वाचून झालंय,” असं ते सांगतात.

आणि बावीस वर्षांत कौतुकाचं पत्र किती? मी एकदा विचारलं होतं. ते म्हणाले, “एकाने लिहिलं होतं. पण ते दुसऱ्या वेबसाइटला लिहायचं होतं त्याला.” चूक झाली की मात्र लोक लगेच लिहितात. निकाल बरोबर असला की तो आपोआप आलेला असतो.

मंगळवारी संध्याकाळी मी मुद्दाम गेलो. रविवारपासून मला झोप बरी लागत नव्हती, म्हणजे नेहमीपेक्षा अर्धा तास उशिरा लागत होती. भाऊजी पाय गरम पाण्याच्या बादलीत सोडून टेबलाशी बसले होते. तेवढ्यात फोन वाजला. त्यांनी तो स्पीकरवर टाकला.

“मी बसची कंडक्टर बोलतेय. निकालवाले तुम्हीच का?”

“हो, मीच.”

“रविवारी मी यादीत होते. आज नाही. मी गेले का?”

“नाही बाई. दुसऱ्या एकींबरोबर तुमचं पान एक झालंय.”

“कुणाला विचारून?”

भाऊजींनी माझ्याकडे पाहिलं. मी बादलीकडे पाहिलं.

“आमच्याकडून चूक झाली,” ते म्हणाले. ‘आमच्याकडून’ म्हणाले, हे मी विसरलेलो नाही.

प्रकरण असं होतं. याच नावाच्या दोन बायका. दोघी चाळिशीच्या पुढच्या. रविवारी एक एका गावी पूर्ण मॅरेथॉन धावली, दुसरी तिथून दोनशे किलोमीटरवरच्या गावी. मी दोघींची एक केल्यावर कंप्युटरला दिसलं की एकच बाई एकाच सकाळी दोन गावांत धावतेय. असलं काही दिसलं की दोन्ही निकाल झाकून ठेवायचे, असं भाऊजींनीच त्याला शिकवलेलं होतं. त्याने इमानाने झाकले.

“मोठ्या शर्यतीवाले शुक्रवारी बारा वाजता तुमच्याकडून यादी घेतात,” कंडक्टरबाई म्हणाल्या. “चाळीसच्या वरच्या बायकांना प्रवेशासाठी चार तासांच्या आत लागतं. पहिल्या वर्षी मला चार सहा लागले. गेल्या वर्षी चार एक. यंदा तीन एकोणसाठ बावीस. डेपोच्या मागच्या रस्त्यावर पहिली बस सुटायच्या आत धावून धावून केलंय हे. पुढच्या वर्षी होईल असं मला वाटत नाही.”

“कळलं.”

“मग घाला परत. तीन एकोणसाठ बावीस. पाठ आहे मला.”

“तुमच्या सांगण्यावरून नाही घालता येत.”

पलीकडे बसचा दरवाजा आपटल्याचा आवाज आला.

“मी खोटं बोलतेय का?”

“नाही. पण मी निकाल लावत नाही बाई. आयोजकांनी लावलेला पुन्हा छापतो. त्यांच्या कागदावर दिसायला हवं. एकीच्या तोंडचं घेतलं की सगळ्यांच्या तोंडचं घ्यावं लागतं.”

त्या म्हणाल्या, “पासची तारीख दिसल्याशिवाय मीसुद्धा कुणाला बसू देत नाही. पण राग आलाय मला.”

“येणारच,” भाऊजी म्हणाले.

फोन ठेवल्यावर ताई आली. ती दारातच उभी राहून ऐकत होती.

“अहो, बाई खरं बोलतेय हे भिंतीलासुद्धा कळलं.”

“मलाही कळलं.”

“मग द्या की टाकून.”

“कागद कुठाय?”

कागदाचीच मेख होती. कंडक्टरबाई धावल्या ती शर्यत एका शाळेने भरवली होती आणि निकालाचा फोटो शाळेच्या पीटीच्या सरांनी पाठवला होता, तिरका, आणि चेस्ट नंबरांच्या रकान्यावर स्वतःच्या अंगठ्यासकट. कागदावर नावं नव्हती, नुसते नंबर आणि वेळा; कुठला नंबर कुणाचा ते नोंदणीच्या यादीत. रविवारी भाऊजींनी सरांना फोन करून अंगठ्याखालचे नंबर एकेक विचारून घेतले होते आणि कंप्युटरमध्ये भरले होते. मी दोघी एक केल्या तेव्हा ते नंबर पुसले गेले. आणि आता सर मुलांना घेऊन कुठल्याशा डोंगरावर शिबिराला गेले होते. फोन बंद. कागद शाळेत.

“बंद करा हे सगळं आता,” ताई म्हणाली. रागाने नाही, ती भांडी पुसत म्हणाली. “बावीस वर्षं झाली. दिवसा खड्ड्यात वाकायचं आणि घरी आलं की यात वाकायचं. एक दिवस तसेच राहाल.”

भाऊजींनी पाय बादलीतून काढले, पुसले. “करू,” म्हणाले. “शुक्रवारनंतर बघू.”

हे ‘शुक्रवारनंतर’ ताई बावीस वर्षं ऐकत आलीय. ती आत गेली आणि तिघांची पानं वाढली.

जेवण झाल्यावर आम्ही त्रेसष्टांचा शोध सुरू केला. भाऊजी दर शनिवारी सगळ्याची एक प्रत काढून ठेवतात. शनिवारची यादी आणि आजची यादी समोरासमोर ठेवायची आणि कोण नाहीसं झालंय ते बघायचं. मी शनिवारच्या पानांचे नंबर वाचत होतो, भाऊजी आजच्या यादीत शोधत होते. “आहे. आहे. आहे. नाही.” ‘नाही’ म्हटलं की ताई वहीत लिहायची. हजेरी घेतल्यासारखं वाटत होतं आणि गैरहजर सगळे माझ्यामुळे होते. अकरा आणि चौसष्टची जोडी निघाली तेव्हा भाऊजी जरा थांबले. ती चौथीतली मुलगी आणि एक निवृत्त पोस्टमास्तर होते. दोघांचं नाव मुलाला आणि मुलीला चालणारं.

“ही शंभर मीटर पोत्यात पाय घालून धावलीय,” भाऊजी म्हणाले. “आणि पोस्टमास्तरांच्या पानावर आता ते दिसतंय. पोतं.”

“टपालखात्यात होते ना,” मी म्हणालो.

ताई हसली. भाऊजी हसले नाहीत, पण पुढचा ‘आहे’ जरा हलका आला.

बुधवारी संध्याकाळी बासष्ट जोड्या सुटल्या. उरली ती एक. भाऊजींना गुरुवारी रजा मिळत नव्हती, म्हणून शाळेत जायचं काम माझ्याकडे आलं. म्हणजे कुणी दिलं नाही. ताईने सकाळी फोन करून “डबा भरून ठेवलाय, जाताना ने,” असं म्हटलं. त्यातच सगळं आलं.

शाळा तीन तासांवर होती आणि तिचं क्रीडासाहित्य एका जिन्याखालच्या खोलीत होतं. किल्ली शिपायाकडे होती आणि शिपाई जेवायला. तो आल्यावर मी कागदाचं सांगितलं.

“निकालाचा कागद?” तो म्हणाला. “शर्यत तर झाली की.”

“झाली. म्हणूनच निकाल हवाय.”

“बक्षिसं पण वाटली.”

“चाळिसाव्या आलेल्या बाईला बक्षीस नाही मिळालं ना. तिला कागद लागतो.”

त्याला हे पटलं की दया आली, कळलं नाही. त्याने खोली उघडली. भाले, दोऱ्या, हवा गेलेले चेंडू. निकालाचे कागद सापडले ते फळीवर, लोखंडी गोळ्यांच्या खाली अंथरलेले. फळीवर गंजाचे डाग पडू नयेत म्हणून सरांनी ते लगेच कामी लावले होते. आम्ही दोघांनी एकेक गोळा उचलून खाली ठेवला. तिसऱ्या कागदावर ती ओळ होती, गोळ्याचा गोल ठसा तिच्या जरासा वर. मी फोटो काढून पाठवला आणि भाऊजींना फोन लावला. ते कुठल्यातरी खड्ड्याशी वाकलेले असणार, आवाज खोलातून येत होता.

“अंगठा बाजूला घे,” ते म्हणाले.

“तो माझा आहे.”

“म्हणूनच सांगतोय.”

मी पुन्हा काढून पाठवला.

“चेस्ट नंबर तीनशे अठरा,” मी म्हणालो. “नोंदणीच्या यादीत तीनशे अठरा कंडक्टरबाईच ना?”

“त्याच. वेळ वाच.”

“तीन, एकोणसाठ, बावन्न.”

“पुन्हा वाच.”

“बावन्न. पाच, दोन. स्पष्ट आहे. सरांचं अक्षर वाईट आहे, पण हे बरं आलंय.”

“मी बावीस छापलं होतं,” भाऊजी म्हणाले.

तिरक्या फोटोत पाचाचे दोन झाले होते. रविवारी, सात-साडेसात तास बसून डोळे दुखायला लागल्यावर कधीतरी. मी घाईघाईने म्हणालो, “काय फरक पडतो भाऊजी? चारच्या आतच आहे. बावीसच राहू द्या. बाईंना पाठ आहे ते.”

“थकलो रे,” ते म्हणाले, आणि फोन ठेवला.

शुक्रवारी सकाळी कामावर जायच्या आधी त्यांनी दोघी बायका वेगळ्या केल्या, प्रत्येकीचं तिचं तिला दिलं, आणि तीनशे अठरापुढे बावीसचे बावन्न केले. मग कंडक्टरबाईंना स्वतः फोन लावला. मी समोरच होतो.

“तुमची वेळ मी चुकीची छापली होती. कागदावर तीस सेकंद जास्त आहेत.”

“म्हणजे किती उरले?”

“आठ.”

मला वाटलं आता बाई काही तरी बोलतील, आणि मी तयारी म्हणून खिडकीबाहेर बघायला लागलो.

“आठ सेकंदांत माझ्या बसमध्ये एक माणूस धड चढत नाही,” त्या म्हणाल्या. “पण पुरेत. लावा.”

बारा वाजता मोठ्या शर्यतीवाल्यांनी यादी घेतली. मी आणि ताई कंप्युटरसमोर बसून होतो. सव्वाबाराला त्यांच्या पानावर नावं उमटली. बाईंचं नाव शेवटून दुसरं होतं. ताईने ते बोट लावून दोनदा वाचलं. भाऊजी त्या वेळी कुणाच्या तरी मागच्या अंगणात झाकण उचलत होते. ताईने फोन केला तेव्हा “बरं” म्हणाले आणि मीटरचा आकडा मोठ्याने वाचत राहिले, विसरू नये म्हणून.

त्यानंतर महिना-दीड महिना ते रोज पहाटे कामाआधी तासभर बसत. टेबल थोडं डुगडुगायला लागलं, त्यावरून जाड पुस्तक पायाखालून निघालंय हे मला कळलं. आता त्यांच्या वेबसाइटवर प्रत्येक निकालाशेजारी एक बारीक खूण असते. ती दाबली की तो आकडा कुठल्या कागदावरून आला, कुणी भरला, कुणी बदलला, आधी काय होता, सगळं दिसतं. तीनशे अठरासमोर लिहिलंय : ‘आधी ३:५९:२२ छापले होते. वाचण्यात चूक.’ आणि पुढे भाऊजींचं नाव. त्याच्याही आधीच्या ओळीत, दोन बायका एक केल्या तिथे, माझं नाव आहे. आता ते जगात कुणालाही दिसतं. माझं नाव छापून येण्याचा आमच्या घराण्यातला हा पहिलाच प्रसंग.

ताईने ‘शुक्रवारनंतर’चा विषय पुन्हा काढला नाही. तिने फक्त टेबलाखाली बादली कायमची ठेवली आणि खुर्चीवर एक उशी.

परवाच्या रविवारी मी गेलो तर भाऊजी म्हणाले, “बस इथे.” आणि त्यांनी मला एक नवं लॉगिन करून दिलं. माझ्या नावाचं. पडद्यावर तीच रांग होती, सातशे साठ जोड्या, तोच प्रश्न आणि तीच तीन बटणं. पाठ टेकायला जाताना ते दारात थांबून म्हणाले, “वाटलं तर कर थोड्या.”

इतक्या सगळ्या घोळानंतर माणूस आपल्या हाती स्वतःची बावीस वर्षं पुन्हा देतो, याला काय म्हणायचं? मी उठून उभा राहिलो.

“म्हणजे भाऊजी, तुमचा माझ्यावर पुन्हा विश्वास बसला तर.”

“नाही,” ते म्हणाले. “तू केलेलं आता मोडता येतं.”